गारठलेला गॅस आणि पारूबाईचं पिंप

कल्याणच्या एस.टी. स्टँडवर मुरबाडची गाडी लागली तेव्हा माझ्या अंगात स्वेटर, स्वेटरवर जाकीट, गळ्यात मफलर आणि डोक्याला माकडटोपी होती. मुलगी सोडायला आली होती. "बाबा, मुरबाडला चाललाय, मानसरोवराला नाही," ती म्हणाली. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. थंडीला माणसानं भिऊनच राहावं, अशा मताचा मी आहे.

प्रवासाचं कारण जरा चमत्कारिक होतं. मी कराडला एका गॅस एजन्सीच्या काउंटरवर उभं आयुष्य काढलं. "नंबर लावलाय, येईल" हे वाक्य जितक्या वेळा उच्चारलं तितक्या वेळा रामनाम घेतलं असतं तर एव्हाना मोक्ष मिळाला असता. निवृत्त होऊन मुलीकडे आलो, तर तिची मैत्रीण वैशाली भेटली. ही मुलगी एका संस्थेतर्फे डोंगरातल्या वाड्यांवर शेणाच्या गॅसच्या टाक्या बांधून देते. "काका, आमच्या वाडीत सिलिंडर लागतच नाही," ती म्हणाली. मला ते उगाचच झोंबलं. पुढे तीच म्हणाली, "थंडीत गॅस कमी होतो, ते ठीक आहे. पण टेंभ्याच्या वाडीत एकाच उतारावर, एकाच मापाच्या दोन टाक्या. एक चालते आणि शेजारची पार बंद. मला काही उलगडत नाही. तुम्ही गॅसमधले, बघून या की." मी गॅसमधला म्हणजे पावत्या फाडणारा, हे तिला सांगायचं राहून गेलं.

मुरबाडला रेल्वे नाही. याचा मुरबाडकरांना राग आहे आणि थोडासा अभिमानही. स्टँडबाहेर वडापाव खाल्ला, दोन चहा घेतले आणि डोंगराकडे जाणाऱ्या जीपमध्ये घुसलो. घुसलो हाच शब्द बरोबर. टपावर दोरीनं करकचून बांधलेले तीन लाल सिलिंडर होते. जुनी ओळख निघाल्यासारखं मला बरं वाटलं.

"टेंभ्याच्या वाडीला किती सिलिंडर जातात?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"वाडीला नाय जात, रस्त्यावर जातात," तो म्हणाला. "तिथं उतरवले का आमचा काम झाला. वरती ज्याचा त्याचा खांदा."

रस्ता संपला तिथं मीही उतरलो. कापणी झालेल्या भातखाचरांत वाल हिरवागार उभा होता आणि समोर सह्याद्रीची भिंत. चढणीवर डोक्यावर मोळ्या घेतलेल्या चार बायका उतरताना भेटल्या. त्यांनी माझ्या माकडटोपीकडे पाहून पदर तोंडाला लावला. मला पाऊण तास लागला. वाडी आहे ती पदरावर (डोंगराच्या कमरेशी असलेली अरुंद सपाटी). मागे थेट कडा. कड्यापलीकडे घाटावर जुन्नरच्या बाजूला ऊन पडून तासभर झाला तरी इथं सावलीच असते. नऊ वाजायला येतात तेव्हा सूर्यमहाराज कड्यावरून डोकावतात. तोवर सगळी वाडी गारेगार.

गुणाबाई आणि कमळूदादा या नवरा-बायकोकडे वैशालीनं माझी सोय लावली होती. बंद पडलेली टाकी यांचीच. गुणाबाई पन्नाशीच्या, ताठ अंगाच्या. अंगण असं सारवलेलं की पाय ठेवायला संकोच वाटावा. कमळूदादा किडकिडीत आणि अबोल. एक वाक्य बोलले की एक विडी ओढायचे.

संध्याकाळी गुणाबाईंनी माझ्यासमोर शेगडी लावून दाखवली. काडी ओढली, कळ फिरवली, शेगडी तीनदा 'फुर्र' करून गप्प झाली. "बघा," त्या म्हणाल्या, "पावसाळ्यात झकास, दिवाळीला झकास. पौष आला का मेला." आणि त्यांनी चूल पेटवली. धुरानं माझे डोळे असे चुरचुरले की तांदळाची भाकरी आणि खुरासणीची चटणी मी जवळजवळ आंधळेपणानं जेवलो. चव मात्र फर्मास होती.

जेवताना घरातली खरी गोष्ट कळली. गोठ्यात दोन बैल, पोवळ्या आणि मोऱ्या. नांगरणी आता भाड्याच्या टिलरवर होते. मुलगा वाशिंदला कंपनीत आहे. त्याचं म्हणणं, बैल विका, मी सिलिंडर आणून देतो. सहा दिवसांनी म्हशाची जत्रा होती. पौष पुनवेला मुरबाडजवळ म्हसा गावी भरते आणि बैलबाजारासाठी नावाजलेली आहे. कमळूदादांनी टेम्पो सांगूनही ठेवला होता.

"ग्यास देत व्हते तवर शेनासाठी राखले," ते म्हणाले. "आता चारा तर पायजे, नि ग्यास पन नाय. कशाला पोसू? टाकीला थंडी वाजते बोलून पेंढा पांघरला, तं सकाळी याच दोघांनी खाल्ला."

गुणाबाई चुलीत लाकूड सारत म्हणाल्या, "बैल गेले तं शेन गेला. शेन गेला तं ग्यास कायमचा गेला. मंग परत मी नि माझी मोळी." गेल्या वर्षी मोळीसकट त्या उतारावरून घसरल्या होत्या आणि महिनाभर अंथरुणाला खिळल्या होत्या. वाकून उठताना त्यांचा हात अजूनही कमरेवर जात होता.

"पोरगा शिलिंडर देल ना," कमळूदादा म्हणाले.

"देल. रस्त्यापरत देल. तिथनं वर कोन आनल? तुमी? गुडघं बघा आपलं."

कमळूदादांनी विडी पेटवली. म्हणजे बोलणं संपलं.

माझा बेत एका मुक्कामाचा होता. तो दुसऱ्याच दिवशी पहाटे मोडला, आणि दोष सर्वस्वी माझ्या आगाऊपणाचा. पाच वाजता बादलीचा आवाज आला म्हणून बाहेर आलो. गुणाबाई गोठा झाडून मोकळ्या झाल्या होत्या आणि टाकीच्या तोंडाशी शेण कालवत होत्या. उजाडायच्या आत गोठ्यातलं शेण निघालंच पाहिजे, असा त्यांचा दंडक. सूर्याला शेण दिसलं तर ती कसली घरवाली? मला भरून आलं आणि मी ओहोळावरून एक हंडा आणण्याची जबाबदारी घेतली. हंडा भरला, उचलला, शेवाळावर पाय पडला आणि मी, हंडा आणि ओहोळ असे एकजीव झालो.

ते पाणी! पाणी कसलं, सुऱ्याच होत्या. दातावर दात वाजायला लागले आणि बराच वेळ थांबेनात. गुडघा सुजून नारळाएवढा झाला. कमळूदादा चोळायला खोबरेल तेलाची बाटली घेऊन आले तर तेल गोठलेलं. बाटली उपडी केली, आपटली, तिच्या बुडाला शेकलं, तेव्हा कुठे थेंब पडला. "चार-पाच दिस खाली उतरायचा नाव नको," ते म्हणाले. मुलीला फोन लावायला रेंज नव्हती. कुणीतरी पदराच्या टोकावर जाऊन निरोप दिला आणि परत येऊन सांगितलं की ती खूप हसली.

नऊ वाजता ऊन आलं तशी मला उचलून शेजारच्या ओट्यावर बसवण्यात आलं, कारण तिथं ऊन जास्त वेळ टिकतं. ओटा पारूबाईचा. हीच ती चालू टाकीवाली. वाडीत पारूबाईला कुणी चांगलं म्हणत नाही. उशिरा उठते, अंगण कसंबसं झाडते, भाकरी करायचा कंटाळा आला तर सरळ भात टाकते. मी बसलो तेव्हा ती डोळे चोळत बाहेर येत होती.

"पावन्यानू, च्या घेनार?" म्हणाली आणि आत गेली. कळ फिरवल्याचा आवाज आला आणि निळी, भरघोस ज्योत सणसणत उठली. मी ओट्यावरून मान लांब करून बघत राहिलो. पन्नास पावलांवर गुणाबाईंच्या चुलीचा धूर कौलांतून निघत होता.

"तुमचा गॅस कसा काय चालतो?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत? मी तं काय बी करत नाय," पारूबाई म्हणाली. हे तिनं इतक्या मनापासून सांगितलं की मी विषय सोडून चहाचा पेला घेतला.

मला दुसरं काम नव्हतं. बसून बघत राहिलो. बारा वाजले, तेव्हा तिनं गोठा काढला. एक वाजता शेण टाकीशी नेलं. पाण्यासाठी ओहोळावर गेलीच नाही. दाराशी डांबराचं एक रिकामं पिंप होतं, रस्त्याच्या कामावर टाकून दिलेलं, आतबाहेर काळं कुळकुळीत. त्यातून तिनं दोन बादल्या काढल्या.

"ओहोळाचं ताजं पाणी नाही घेत?"

"रोज दोन खेपा कोन मारल? सांजच्याला भरून ठेवते एकदाच. तेच दुसऱ्या दिवशी."

मी लंगडत उठलो आणि पिंपात बोट बुडवलं. पाणी छान कोमट होतं. पहाटेच्या ओहोळाची आठवण अंगात ताजी होती, त्यामुळे मला पुढचं कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. शेण आंबतं ते उबेनं. पारूबाईची टाकी रोज दुपारी उन्हानं तापलेलं पाणी पीत होती. आणि वाडीतल्या सगळ्यात कामसू बाईनं, सगळ्यात आधी उठून, रोज न चुकता आपल्या टाकीच्या पोटात बर्फ ओतला होता.

आता हे गुणाबाईंना सांगणार कोण? काउंटरवर मी भल्याभल्या संतापलेल्या गिऱ्हाइकांना तोंड दिलंय, पण हे त्याहून अवघड होतं. त्या तांदूळ निवडत होत्या. मी आडवळणानं सुरुवात केली आणि पारूबाईचं नाव आलं तिथं त्यांचा हात थांबला.

"पारूकडनं शिकू? मी?"

"पाणी कोमट हवं, एवढंच म्हणतोय."

"दुपारपरत शेन राखू? लोकं काय बोलतील, गुणी लोळत पडली व्हती?"

त्यांनी तांदळातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाल्या, "कोमट पान्यानं बैल ऱ्हातील?"

"शब्द देत नाही. पण टाकी सुधारेल असं वाटतं." आणि अंगात आलेल्या शहाणपणाच्या भरात पुढे ठोकून दिलं, "आणि पाच दिवस शेगडी लावायचीच नाही. असेल नसेल तो गॅस साठू द्या."

दुसऱ्या दिवशी गोठा नेहमीसारखा पहाटेच निघाला. ती गोष्ट सोडायला त्या तयार नव्हत्या. पण शेण घमेल्यांत भरून मागच्या दारी झाकून ठेवलं. पिंप नव्हतं, म्हणून चुलीनं काळीठिक्कर केलेली दोन तपेली आणि एक मोठा टोप पाण्यानं भरून उन्हात मांडला. दुपारी एकला, ऐन वर्दळीच्या वेळी, गुणाबाई शेण कालवायला बसल्या. जाणारी-येणारी प्रत्येक बाई थांबली.

"गुणाबाय, आज उठाया उशीर झाला गो?"

गुणाबाईंचे कान लाल झाले. त्यात पारूबाई आपल्या ओट्यावरून, पाय पसरून, खड्या आवाजात म्हणाली, "नीट कालव गो! गुठळी ठेवू नको."

ज्या बाईला गुणाबाईंनी आयुष्यभर नावं ठेवली, तिचा तो सल्ला त्यांनी खाली मान घालून ऐकला आणि गुठळी फोडली. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार आदर वाटला. पहाटे उठायला अंगात बळ लागतं, याला भलतंच काहीतरी लागतं.

कमळूदादांना गंमत वाटत होती. "आता पारूच्या अकलेवर घर चालनार," ते म्हणाले. टेम्पो मात्र त्यांनी रद्द केला नाही. रोज संध्याकाळी ते बैलांच्या अंगावरून हात फिरवत उभे राहायचे, तो हात जरा जास्तच वेळ फिरायचा. विकायची हौस त्यांना नव्हती. थकले होते, एवढंच.

जत्रेचा दिवस उजाडला. माझा गुडघा चालण्याइतका बरा होता आणि टेम्पो मला परतीच्या वाटेवर मुरबाडला सोडणार होता. कमळूदादा गोठ्यात बैलांची शिंगं तेलानं पुसत होते. मी चहासाठी आत डोकावलो आणि दारातच थबकलो. चूल थंड होती. शेगडीवर तवा होता, तव्याखाली निळी ज्योत. पारूबाईच्या ज्योतीसारखी दणदणीत नव्हती, पण हलत नव्हती. गुणाबाई भाकरी थापत होत्या आणि भाकरी टम्म फुगत होती. मी हाक मारायला तोंड उघडलं तर त्यांनी पिठाचं बोट ओठावर ठेवलं.

"बोलू नका त्यांना," त्या हळूच म्हणाल्या. "मी सांगितला तं बोलतील, बैल राखाया खोटा बोलते. तुमी सांगितला तं बोलतील, पावन्याला पढवलाय. त्यांना जेवू द्या. भाकर खोटा बोलत नाय."

फडक्यात भाकऱ्या, चटणी, कांदा बांधून त्यांनी गाठोडं कमळूदादांच्या हाती दिलं. पोवळ्या-मोऱ्याच्या कपाळाला हात लावला आणि मागे वळून न बघता आत गेल्या.

म्हशाची जत्रा म्हणजे धूळ, घंटा आणि घोंगड्या. दुतर्फा घोंगड्यांची दुकानं, शेव-रेवड्यांचे ढीग, पाळणे, आणि पलीकडे नजर जाईल तिथवर बैल. एरवी मी दिवसभर रमलो असतो. पण आमचे बैल बांधून दहा मिनिटं होत नाहीत तोच किन्हवलीकडचा एक व्यापारी येऊन उभा राहिला. पांढरी टोपी, खांद्यावर पंचा. त्यानं बैलांचे दात पाहिले, खुरं पाहिली, शेपटी ओढली आणि पंचा पुढे पसरला. इथं भाव तोंडानं बोलत नाहीत. पंचाखाली दोघांचे हात जातात आणि बोटं दाबून आकडा ठरतो. एकदा हात मिळाला की सौदा झाला, मग देव आला तरी मोडत नाही.

कमळूदादांचा हात पंचाखाली गेला. आणि गाठोडं तसंच, न उघडलेलं, झाडाला लटकलेलं.

"दादा, आधी जेवू या," मी म्हणालो.

"आता? धा पन नाय वाजले."

"मला फार भूक लागलीय."

"पावन्याला भजी द्या रे कोनी," व्यापारी म्हणाला. पंचाखाली बोटं हलत होती. कमळूदादांनी मान हलवली, नाही. परत बोटं हलली. या वेळी मान हलली नाही.

मी आयुष्यात गिऱ्हाइकांशी पुष्कळ खोटं बोललो, पण इतकं बेधडक कधीच नाही. "मला साखरेचा आजार आहे," मी डोकं धरून खाली बसलो. "वेळेवर खाल्लं नाही तर चक्कर येते. फिरायला लागलंय सगळं." मला साखरबिखर काही नाही. घरी मी चहात तीन चमचे घालतो.

कमळूदादा भला माणूस. हात सोडवून धावत आले, गाठोडं सोडलं, मला भाकरी दिली. मग रीतीप्रमाणे व्यापाऱ्यालाही दिली आणि स्वतः एक तुकडा मोडून तोंडात टाकला. दोन घास चावले आणि थांबले. उरलेली भाकरी नाकाशी नेली. उलटी करून पाहिली. कडेला जळकं नव्हतं, राखेचा कण नव्हता.

"धुराचा वास नाय," ते म्हणाले.

मी खात राहिलो.

"तुमाला म्हाईत व्हता?"

"हो."

"ती बोलली, सांगू नका?"

"हो."

त्यांनी हातातली भाकरी मोडून मोडून संपवली. व्यापाऱ्यानं तोंड पुसलं आणि पंचा परत पसरला. कमळूदादांनी त्या पसरलेल्या पंचावर आणखी एक भाकरी ठेवली, तिच्यावर चटणी ठेवली. "पोटभर जेवा, शेट," ते म्हणाले. "बैल द्याचे नाय."

परतीच्या टेम्पोत पोवळ्या माझ्या मफलरची गोंड्यांची बाजू चघळत होता. कमळूदादा स्वतःशीच हसत होते. "गुणीचा काय नाय हो, ती एकदा बोलल नि गप बसल," ते म्हणाले. "पारू जलमभर ऐकवल." मुरबाडच्या स्टँडवर त्यांनी माझी पिशवी उतरवून दिली. माझ्या साखरेची काळजी घ्यायला बजावलं. मी मान डोलावली.

कल्याणच्या गाडीत खिडकीशी बसून मी विचार करत होतो. त्या वाडीत सगळं होतंच: शेण होतं, ऊन होतं, पाणी होतं, आणि राबायला तर गुणाबाईसारखी बाई होती. अडलं होतं ते तिच्या राबण्यापाशीच. कुणी आळशी म्हणेल या धाकानं ती बाई वर्षानुवर्षं काळोखात उठत आली होती आणि आम्ही सगळे तिचं कौतुक करत आलो होतो. मीही केलं, हंडा उचलून. वैशालीला सगळं सांगितलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. तिनं प्रत्येक टाकीचं माप घेतलं होतं, पण शेण किती वाजता पडतं हे विचारलंच नव्हतं.

पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. वारा घोंघावत होता, म्हणजे कुणीतरी पदराच्या टोकावर उभं होतं. आवाज गुणाबाईंचा.

"भाऊ, ग्यास चालू हाय. बैल बरे हाईत."

"छान! तुम्ही कशा आहात?"

मध्ये वारा पुन्हा घोंघावला. मला वाटलं रेंज गेली.

"आज ऊन अंगनात आल्यावर उठले," त्या म्हणाल्या. "कोन काय बोल्ला नाय."